आईला न लागणारी गाडी

जीप घरी आली तेव्हा तिला इंजिन नव्हतं, पुढची चाकं नव्हती आणि चालकाच्या सीटवर एक कोंबडी बसली होती. चिमूरकडच्या एका शेतात ती जीप माझ्या जन्माच्या आधीपासून पडून होती. शेतमालकानं तिचं खुराडं केलं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवताना कोंबडी उडून जाईल असं आम्हाला वाटलं, पण बया जागची हलली नाही, थेट आमच्या आरमोरीपर्यंत आली. मी ट्रॉलीच्या मागं स्कूटरवर होते आणि वाटेत दिसेल त्याला हात करत होते. ओळखीचे हात करत, अनोळखी बघत राहत. हौसेला मोल नाही म्हणतात, तसंच काहीसं झालं होतं माझं.

माझा धंदा शिवणकामाचा. दिवसभर ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. पण जीव सगळा गाड्यांत. ट्रॅक्टर मी धाकट्या भावाच्या आधी शिकले, आणि हे चारचौघांत सांगितलं की तो अजून चिडतो, म्हणून मी ते चारचौघांतच सांगते. लग्न होऊन मी गावातच पडले, माहेर दोन गल्ल्यांवर. रागावून माहेरी जायचं म्हटलं तर राग पुरता चढायच्या आत पोचते. आणि राग मला येतो, भरपूर येतो, ते पुढे दिसेलच.

ही जीप घेतली कशाला, ते आधी सांगते. माझ्या आईला गाडी लागते. लोकांना घाटात लागते. आमच्याकडे घाट नाहीत, तरी हिला लागते. बस लागते, कार लागते, सीटा भरून धावणारी काळी-पिवळी तर लांबून येताना दिसली तरी लागते. कुणाला पोचवायला बसस्टँडवर गेली की पदर नाकाला. त्यामुळे आई कुठं जायचीच नाही. जवळपास बैलगाडीनं, नाहीतर पायी. लग्नकार्याला सगळे गेले की ही घर राखायला.

तिची मोठी बहीण आलापल्लीला असते. पूर्वी आई कशीबशी बसनं तिच्याकडे जायची, पण गेल्या काही वर्षांत तेही सुटलं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. ज्या दिवशी ज्या गावची मंडई, त्या दिवशी त्या गावात घरोघरी पाहुणे. दुपारी बाजार, रात्री नाटक, आणि चूल सकाळपासून विझत नाही. लेकी-बहिणी आल्या नाहीत तर मंडई कसली? आई मावशीला दर वर्षी फोनवर बोलावते आणि मावशी दर वर्षी तेच उत्तर देते, "फोनवरचं बोलावनं का बोलावनं हाय वो? तू घेवाले ये, मंग येतो मी." मावशीचे गुडघे गेलेत, बसची पायरी तिला चढवत नाही. पण ती अडून बसते ती गुडघ्यांमुळे नाही. बहिणीनं न्यायला यावं, एवढंच तिचं म्हणणं.

मागच्या मंडईच्या वेळी मावशी फोनवर म्हणाली, "आता आपली भेट वरच होईन." म्हणाली आणि हसली. आई हसली नाही. फोन ठेवून ती मागच्या दारी जाऊन बसली आणि दिवसभर कुणाशी धड बोलली नाही. घरात पाहुणे, पंगती उठताहेत, आणि ही गप्प. मला भयंकर राग आला. मावशीचा नाही, आईच्या पोटाचा. एवढ्या गाड्या बनवल्या माणसानं, त्यात माझ्या आईला बहिणीकडे नेईल अशी एक नाही? मी तिथंच सगळ्यांसमोर सांगून टाकलं, पुढच्या मंडईला मावशीला आणायला आई जाणार आणि मी तिला नेणार. उघड्या गाडीत, भर वाऱ्यात. तशी गाडी नसेल तर बनवीन.

"ब्लाऊज शिवनं अलग अन् गाडी बनवनं अलग, ताई," भाऊ म्हणाला.

"तुह्या लेंग्यापेक्षा सोपीच असन," मी म्हटलं.

आता मन मोकळं करते. जीप आईसाठी होती, हे खरं. पण ती ट्रॉलीतून उतरली आणि मी तिच्या गंजक्या नाकावरून हात फिरवला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आई नव्हती. मोकळा रस्ता होता, दोन्ही बाजूंनी साग, आणि मी.

आमच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर एक मिस्त्री आहे. त्याच्या तोंडात कायम खर्रा, घोटलेली सुपारी-तंबाखू, त्यामुळे निम्मी वाक्यं तो नाकातून बोलतो. जीप त्याच्या आवारात नेऊन ठेवली आणि इंजिनावरून आमचं भांडण सुरू झालं. भावाला डिझेल हवं होतं. मोडीत निघालेल्या एका काळी-पिवळीचं इंजिन मिस्त्रीकडे होतंच.

"डिझेल म्हनजे ताकद, ताई. चिखलातून हत्ती ओढन."

"हत्ती ओढाचा हाय का आपल्याले? रानात खरेखुरे हत्ती आले तेवढे काय कमी हायत!"

माझं म्हणणं, जीप एवढीशी, त्यात हे लोखंडाचं धूड टाकलं तर नाकापेक्षा मोती जड. पुढचा भाग दबणार, स्टेअरिंग जड होणार, आणि पळायची नाही. मला पेट्रोल हवं होतं. पेट्रोलचं इंजिन हलकं, पाय दाबला की उसळी घेणारं. आम्ही इतका आरडाओरडा केला की रस्त्यावरून जाणारे आत येऊन बसले आणि त्यांनीही आपापली बाजू घेतली. शेवटी मिस्त्रीनं खर्रा थुंकला, म्हणजे आता पूर्ण वाक्य येणार. तो म्हणाला, "जिच्यासाठी गाडी करून राह्यले, तिले आना नं."

आई आली. मिस्त्रीनं तीन इंजिनं लोखंडी घोडीवर एकेक करून चढवली आणि चालू करून दाखवली. पहिलं डिझेलचं. ते नुसतं खोकलं, आणि आईनं पदर नाकाला लावून जे तोंड फिरवलं ते थेट आवाराबाहेरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसली. भावाचा चेहरा पडला. दुसरं एका जुन्या व्हॅनचं, पेट्रोल होतं, पण निळसर धूर सोडत होतं. "याले बी वास येते," आई लांबूनच म्हणाली. मिस्त्रीनं कबूल केलं की तेल जळतंय, आतून झिजलंय. तिसरं एका कारचं. त्या कारला मागून ट्रकनं ठोकरलं होतं, पुढचं इंजिन मात्र सुखरूप. ते चालू झालं. आई हळूहळू जवळ आली, वाकली, हुंगलं आणि विचारलं, "चालू कवा करता?"

"चालूच हाय, बाई!"

मी मिस्त्रीच्या आवारात गिरकी घेतली. अक्षरशः. बाया माझ्याकडे ब्लाऊज शिवायला टाकतात त्यातल्या दोघी रस्त्यात उभ्या होत्या, त्यांनी पाहिलं, आणि पुढं महिनाभर गावात माझी गिरकी चालली. मिस्त्री म्हणाला, "लोकं आवाजावरून इंजिन घेते, ताकद पाह्यून घेते. हुंगून घेतलेलं हे पयलंच."

मग जुन्या गिअरबॉक्सला नवं इंजिन जुळवणं, चेसिसवर बसवायला पकडी वेल्ड करणं, सायलेन्सरची नळी आईच्या बाजूला न येता पार मागं काढणं, हे सगळं होत राहिलं. इंजिन बदलायची परवानगी आणि नोंदही रीतसर केली. त्या खेपांबद्दल बोलत नाही, बोलले की डोकं तापतं. ज्या दिवशी गाडी पहिल्यांदा चालली त्या दिवशी तिला ना दारं होती ना मागची सीट. मी ती तळ्याकडच्या रस्त्याला घेतली आणि पाय दाबला. ती एवढ्याशा जागेत अशी उसळली की माझी ओढणी मागं राहिली आणि मी पुढं गेले. मी ओरडत होते. काय ओरडत होते ते मला आठवत नाही, पण बांधीत धान कापणाऱ्या बाया विळे वर करून मला ओरडून साथ देत होत्या. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता, आणि हे नवऱ्यालाही माहीत आहे.

इंजिनाचं असं छान जमलं. खरा घोळ झाला तो पुढं, चाकं आणि चेसिस यांच्या मधल्या भागात.

जुन्या जीपला खाली पाटे असतात. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या, बैलगाडीच्या धावेसारख्या जाड. गाडी आदळली की ते पाटे थोडे वाकतात, फारसे नाही. आमच्या जीपचे पाटे गंजले होते, पण धड होते. या एका बाबतीत मात्र मी, भाऊ आणि मिस्त्री, तिघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. आईला नेणार आहोत, तर गाडी मऊ हवी. पाटे काढायचे आणि मोठ्या आरामशीर कारच्या असतात तशा गुंडाळीच्या स्प्रिंगा बसवायच्या. आमचं तिघांचं एकमत होतंय हे पाहूनच मी सावध व्हायला हवं होतं. काटकुट करून, नव्या दांड्या टाकून मिस्त्रीनं चारही चाकांवर स्प्रिंगा बसवल्या. दाबलं की गाडी पाण्यावरच्या डोंग्यासारखी खाली जायची आणि मजेत वर यायची. आम्ही आळीपाळीनं दाबून बघत होतो आणि दर वेळी हसत होतो.

तपासायची कशी? आमच्या मुलखात कुठल्याही गाडीचा कस धानाच्या कट्ट्यांवर, म्हणजे पोत्यांवर, बघतात. ट्रॅक्टर असो, ट्रॉली असो, आधी कट्टे भरा, मग बोला. आम्हीही मागं कट्टे रचले, त्यांच्यावर ताकानं भरलेला लोटा ठेवला आणि रस्त्यातले सगळे खड्डे शोधून शोधून त्यात जीप घातली. ताक सांडलं नाही. भाऊ म्हणाला, "विमान हाय, ताई, विमान!" मिस्त्रीनं ते ताक पिऊन टाकलं. तपासणी झाली, गाडी पास. धानाचे कट्टे कधी ओकत नाहीत, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग आईला बसवलं. तिच्या आवडीची गादी घातली, मोकळा वारा, धुराचा वास नाही, गाडी लोण्यासारखी. घरापासून तळ्याच्या पाळीपर्यंत जायचं, एवढाच बेत होता. मी मोठ्या रुबाबात निघाले. पहिल्या वळणावर आई गप्प झाली. दुसऱ्या वळणावर तिनं माझा दंड धरला. पाळ दिसायला लागली आणि तिनं "थांबव" म्हणायच्या आत सगळं झालं. रस्त्याच्या कडेला वाकून ती ओकत होती आणि मी तिची पाठ चोळत होते, आणि मला इतका राग आला होता की मी जीपच्या चाकाला लाथ मारली. पायाचं बोट सुजलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

आई चूळ भरून म्हणाली, "नाई वो जमत. माह्या नशिबात नाई. तू काऊन एवढी तपून राह्यली?" तिचा आवाज इतका साधा होता की मला रडू आलं. मी रडलेही, तिथंच, जीपला टेकून. तिच्या मनात मावशीची भेट आता संपली होती, हे मला दिसत होतं.

जीपमध्ये परत बसायला तिनं साफ नकार दिला. तेवढ्यात तळ्यावरून आमच्या शेजारणीची बैलगाडी येत होती. तिच्या घरचे मासेमारी करतात, तळ्यातून शिंगाडे काढून आणतात. गाडी टोपल्यांनी भरलेली होती. आई तिच्यावर चढून बसली आणि मी मागून जीप घेऊन निघाले, गाय मेल्यासारखं तोंड करून. रस्ता तोच, खड्डे तेच. बैलगाडीला ना स्प्रिंग ना पाटा. प्रत्येक खड्ड्यात ती खाडकन आदळत होती, टोपल्या उडत होत्या, शेजारीण उडत होती, माझी आई वीतभर वर जाऊन खाली येत होती. आणि आई शिंगाडे सोलून खात होती. खात होती, बोलत होती, टरफलं मागं फेकत होती. आत्ता आत्ता आतडी पिळवटून ओकलेली बाई!

मी जीप थांबवली. मागच्या सायकलवाल्यानं शिवी दिली, ती मी ऐकली पण उत्तर दिलं नाही, यावरून माझी अवस्था कळावी. आईला आदळण्याचा त्रास नव्हताच. कधीच नव्हता. तिला त्रास होता झुलण्याचा. मंडईतल्या आकाशपाळण्यात ती कधी बसली नाही, अंगणातल्या झोपाळ्यावर बसली नाही. आणि आम्ही खपून, वेल्डिंग करकरून, तिच्यासाठी चार चाकांचा पाळणा बनवला होता!

मी सुसाट मिस्त्रीकडे गेले आणि म्हटलं, "स्प्रिंगा काढा. पाटे टाका."

मिस्त्रीनं माझ्याकडे नीट पाहिलं. "बाई, हे ब्लाऊज नोय. उसवलं अन् पुन्हा शिवलं."

"मग उसवा," मी म्हटलं.

तो आठवडा मी जन्मात विसरणार नाही. पाटे घासून, तेल देऊन परत बसले. या वेळी धानाचे कट्टे नाहीत, मागं आई. मिस्त्रीला तिची दया आली म्हणून त्यानं पहिल्यांदा दोन पट्ट्या कमीच टाकल्या. आई गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली आणि म्हणाली, "झुलते अजून." एक पट्टी वाढवली. "थोडीशी झुलते." आणखी एक. मग मिस्त्रीनं शॉकअपही असे कडक बसवले की गाडी आदळायची ती एकदाच, आदळून झाल्यावर हलत राहायची नाही. आता जीप अशी झाली की साध्या गोट्यावरून गेली तरी आमचे दात वाजायचे. भावाचा मोबाईल खिशातून उडाला आणि बांधीत पडला. मिस्त्री मागं बसला होता, तो उतरला तो कंबर धरूनच. आणि आई, वजनानं चिमणीएवढी, दर खड्ड्याला सीटवरून उडत होती आणि खदखदून हसत होती. "हे बेस हाय!" ती ओरडली. "आता लागत नाई!" गल्लीतली माणसं दारात येऊन हसायला लागली. मी गाडी पुन्हा फिरवली, पुन्हा त्याच खड्ड्यात घातली. पुन्हा ती उडाली, पुन्हा हसली. मिस्त्रीनं हात जोडले आणि म्हणाला, आता मला उतरवा आणि मग काय तो खेळ करा.

मंडईच्या दोन दिवस आधी, सकाळी उन्हं वर येताच आम्ही दोघी निघालो. आई माझ्या शेजारी बसली, आणि सवयीनं तिनं पदर तोंडावर घेतला, डोळे घट्ट मिटले आणि मांडीवर प्लास्टिकची पिशवी धरली. ती अशीच बसते, गाडीत. कठाणी नदीच्या पुलावर गाडी खाडकन आदळली तेव्हा तिनं एक डोळा उघडला. गडचिरोली गेलं. चामोर्शीच्या पुढं तिनं पदर खाली घेतला. आष्टी गेल्यावर रस्ता असा फुटलेला होता की एखादी आरामशीर गाडी रडली असती, आमची आनंदानं नाचत होती, आणि मी नाचत होते, आणि पिशवी कधीच उडून पायाशी गेली होती. मग साग सुरू झाला. उंच, सरळ, दोन्ही बाजूंनी, मोठाल्या पानांतून ऊन खाली पडत होतं. आई मान मागं टाकून वर बघत होती.

"हे एवढं जंगल हाय वो इथी?"

"आई, तू आलीस ना या रस्त्यानं. कितीदा."

"आली असन," ती म्हणाली. "पाह्यलं कोनं?"

मी पाय दाबला, आणि त्या हुंगून घेतलेल्या इंजिनानं अशी झेप घेतली की आई किंचाळली आणि मग म्हणाली, "अजून." मी अजून दाबला. समोरून येणाऱ्या बसच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. आईनं त्यांना हात केला.

आलापल्लीला मावशीच्या दारात जीप थांबली तेव्हा मावशी ओट्यावर उभी होती, भिंतीला धरून. तिच्या हातात कापलेलं लिंबू होतं. ओट्यावर चटई अंथरलेली, उशी ठेवलेली, शेजारी पाण्याची बादली. आई पूर्वी आली की अर्धमेली यायची, संध्याकाळपर्यंत पडून राहायची आणि अन्नाला शिवायची ती दुसऱ्या दिवशी.

आई जीपमधून उडी मारून उतरली. केस सगळे उभे राहिलेले, तोंडावर धूळ.

"लिंबू काऊन?" तिनं विचारलं.

"तुह्यासाठी वो."

"राहू दे ते. भूक लागली मले. जेवाले का केली?"

मावशी तिच्याकडे बघत राहिली. वरून खाली, खालून वर. मग तिचा चेहरा वाकडा झाला. "माय वो," ती म्हणाली, "मी त काईच रांधलं नाई." आणि दोघी बहिणी ओट्यावर एकमेकींना धरून इतक्या हसल्या, की रडल्या, मला नीट कळलं नाही, शेजारपाजारचे बघायला आले.

आई चुलीकडे निघाली होती, पण मावशीनं तिला हात धरून खाली बसवलं. तसल्या गुडघ्यांनी तिनं स्वतः भात टाकला, वांगं चिरलं, आणि वाढून स्टुलावर बसून आईचा एकेक घास बघत राहिली. आईनं दोनदा भात मागून घेतला. तिसऱ्यांदा वाढताना मावशी म्हणाली, "उद्या कवा निघाचं?"

आईच्या तोंडात घास होता. तिनं माझ्याकडे बोट केलं.

"तू म्हनशीन तवा, मावशी," मी म्हटलं.